आतून तीन ठोके

माझी बहीण आर्डिथ त्या उन्हाळ्यात जेवायलासुद्धा बसत नव्हती. ताटली हातात घेऊन मागच्या दारात उभी राहायची, अंगणातल्या ट्रेलरकडे बघत बघत खायची आणि शेवटचा घास तोंडात असतानाच पायऱ्या उतरायची.

मी म्हणायचो, "अगं, काय खाल्लंस ते पोटाला कळू तरी दे."

"पोट माझ्याबरोबरच येतंय. सांगेन त्याला वाटेत."

ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं घर. हा १९५८ सालचा, अख्खा ॲल्युमिनियमचा, दोन्ही टोकांना गोल, औषधाच्या कॅप्सूलसारखा. न्यूटन गावाजवळच्या एका शेतकऱ्याने त्यात बारा वर्षं कोंबड्या पाळल्या होत्या. आर्डिथने तो विचिटा शहरात, आमच्या मागच्या अंगणात आणला, तेव्हा दार उघडून आत पाऊल टाकलं की ते थेट गवतावर पडायचं. खालची लाकडी फळी कुजून गेली होती.

"नोव्हेंबरच्या आत हा रस्त्यावर लागला पाहिजे," तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. थंडी पडली की पत्र्याच्या सांध्यांत भरायचं रबर नीट वाळत नाही आणि मग पाऊस आत येतो, म्हणून ही मुदत.

"आणि मग?"

"मग दक्षिणेला. न्यू मेक्सिको."

"आणि मग?"

"मास्तर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात."

ती मला मास्तर म्हणते, कारण मी चौतीस वर्षं पाचवीच्या मुलांना शिकवलं. माझं खरं नाव वेंडेल. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तेव्हा एकोणसत्तरची होती. तिने एकतीस वर्षं इथल्याच विमानाच्या कारखान्यात पत्र्यावर रिव्हेट मारले. डोक्यावरून विमान गेलं की हातातलं काम थांबवून वर बघते आणि म्हणते, "त्याचा डावा पंख माझा." खरंखोटं देव जाणे. "एकतीस वर्षं दुसऱ्यांना उडवलं," असंही म्हणते, "आणि मी तिथेच, कारखान्यातल्या पिवळ्या रेघेच्या अलीकडे."

माझी बायको इमोजीन वारली त्याला चार वर्षं झाली होती. महिनाभरातच आर्डिथ गाडी घेऊन आली, माझी पुस्तकं खोक्यांत भरली आणि मला आपल्या घरी घेऊन आली. विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून आम्ही दोघं एका छपराखाली. आता ती जाणार होती, आणि मी तिला जायला मदत करत होतो.

ऑगस्टपर्यंत कामं भराभर झाली. वरचं ॲल्युमिनियमचं कवच सोडवून उचललं, खालचा लोखंडी सांगाडा घासून रंगवला, नवी फळी बसवली आणि कवच पुन्हा त्यावर उतरवलं. आता उरलं होतं कवचाची खालची कड चारही बाजूंनी फळीभोवतीच्या पट्टीला रिव्हेट मारून पक्की करणं. खिळे नाहीत, स्क्रू नाहीत. सगळं घर त्या एका रांगेवर उभं राहतं. रांग कच्ची राहिली तर शंभर मैलांत मागचं टोक खाली लोंबायला लागतं.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेर, एक आत. रिव्हेट म्हणजे टोपीवाला छोटा दांडा. बाहेरचा माणूस तो भोकात घालतो आणि हवेवर चालणारी गन टोपीवर लावून धडधड हाणतो. आतला माणूस दांड्याच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा पोलादी ठोकळा दाबून धरतो. दोन्हींच्या मध्ये दांड्याचं टोक चेपतं आणि कोटाच्या बटणासारखं पसरतं. त्या पसरलेल्या टोकाला आर्डिथ शेपटी म्हणते. शेपटी सरळ आणि गोल आली तर जोड पक्का. वाकडी आली किंवा तडकली तर जोड फसवा.

दोघांच्या मध्ये पत्रा असतो, कानांवर जाड कानपट्ट्या असतात, गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर भुंकत असतो. बोलून काही उपयोग नाही. म्हणून आतला माणूस शेपटी बघतो आणि ठोकळ्याने पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे अजून हाण. दोन म्हणजे झाला, पुढचा घे. तीन म्हणजे बिघडला, काढ. कारखान्यात हा कायदाच होता. बाहेरच्याला फक्त टोपी दिसते, आणि टोपी नेहमीच छान दिसते. त्यामुळे आतला जे सांगेल ते खरं. त्याला का म्हणून विचारायचं नाही.

"बहात्तर सालापासून एकदाही मी आतल्याला उलटून विचारलेलं नाही," आर्डिथने मला ठोकळा हातात देताना सांगितलं. "तुलाही विचारणार नाही. फक्त झोपू नकोस."

पहिले दहा-बारा दिवस मी प्रामाणिक होतो. कॅन्ससचा वारा सबंध दिवस पत्र्यावर माती फेकायचा, आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, आणि मी गुडघ्यांवर बसून दोन ठोके, दोन ठोके, मधूनच एक, असा पुढे सरकत होतो.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक शेपटी जराशी कलती आली. चालली असती. मी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि तीन ठोके दिले.

रिव्हेट काढणं हे मारण्यापेक्षा किचकट. बाहेरून टोपी ड्रिलने कोरायची, मग दांडा आत ठोकायचा, शेपटी आतल्या बाजूला पडते. आर्डिथचं ड्रिलचं पातं तेवढ्यात मोडलं. दुसरं पातं सापडेना. शोधाशोधीत ऊन उतरलं आणि त्या दिवशीचं काम थांबलं. ती पायरीवर माझ्या शेजारी बसली. कॉफी घेऊन चक्क बसली. वडिलांनी एकदा ट्रॅक्टर उलटा तळ्यात घातला होता, ती गोष्ट तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, मध्ये एकदाही न उठता. मी हसून हसून डोळे पुसले. चार महिन्यांत ती माझ्याजवळ एवढा वेळ बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक अगदी सरळ, गोल, देखणी शेपटी माझ्यासमोर होती. मी तीन ठोके दिले.

त्या संध्याकाळी मी दोनदा अंगणात गेलो, दोनदा परत आलो. तिला सांगावं म्हणून तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, तर ती न्यू मेक्सिकोचा नकाशा पसरून बसली होती. "हे बघ, टुकुमकारी," ती म्हणाली. "नाव ऐकूनच गाडी सुरू करावीशी वाटते की नाही?" मी हो म्हणालो आणि वळलो. पुढच्या दिवशी दोन वेळा तीन ठोके दिले, त्याच्या पुढच्या दिवशी चार वेळा.

मला परिणाम माहीत नव्हता असं नाही. रिव्हेट काढला की भोक थोडं मोठं होतं. मग जाडा रिव्हेट लागतो. भोक कडेच्या फार जवळ असेल तर पत्रा फाटायची भीती. मी तिचं घर आतून पोखरत होतो आणि रोज सकाळी तिच्यासाठी अंडी तळत होतो.

ती चिडायला लागली, पण माझ्यावर नाही. गन उघडून साफ केली, हवेचा दाब बदलला, रिव्हेटचं नवं खोकं मागवलं. "हात गेला माझा, वेंडेल," एकदा बोटं चोळत म्हणाली. "पूर्वी दिवसाला चारशे मारायचे. एखादा काढावा लागला तर माणसं वळून बघायची." ते ऐकताना मला जमिनीने गिळावं असं वाटलं. तरीही दुसऱ्या दिवशी मी तेच केलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी दुपारी ओव्हनमधून कोबी-खिमा भरलेले पाव काढत होतो. आमची आई करायची तसे. आर्डिथ आत आली. हात धुतले नाहीत. टेबलावरची माझी ताटली बाजूला सरकवली आणि खिशातून मूठभर चिल्लरसारखं काहीतरी काढून टेबलावर एका ओळीत मांडायला लागली. शेपट्या होत्या. ट्रेलरच्या आतला केर काढताना तिला सापडल्या होत्या.

तिने माझा लाल पेन्सिलीचा तुकडा शेल्फवरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मास्तर, पेपर तपास."

"आर्डी..."

"तपास. बरोबर असेल तिथे बरोबर कर. चूक असेल तिथे फुली मार. वर्गात करायचास तसं."

तिने खाली कागद पसरला होता. मी एकेक शेपटी उचलली. बोटांत फिरवली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी कलती होती, फुली मारली. चौथी बरोबर. पाव गार होत होते. ती खिडकीपाशी उभी होती, पाठ माझ्याकडे, आणि एक पाय सारखा हलवत होती.

"झाला?"

"झाला."

"किती?"

"सत्तावीसपैकी चोवीस बरोबर."

"आणि तू सगळ्यांना नापास केलंस."

चौतीस वर्षांत मी एकाही मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरवलं नव्हतं. एकदा एका मुलीचा अर्धा गुण चुकून कापला होता, तर रविवारी तिच्या घरी जाऊन वाढवून आलो होतो. 

"मला वाटत होतं, माझा हात गेला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दोन आठवडे मी माझ्या हाताकडे बघत झोपतेय." मग तिने सगळ्या शेपट्या पुन्हा खिशात भरल्या, एक पाव उचलला आणि बाहेर गेली.

सोमवारी डोरीन आली. डोरीन म्हणजे कारखान्यातली आर्डिथची जुनी जोडीदार, बाहेर आर्डिथ आणि आत डोरीन अशी त्यांची जोडी सतरा वर्षं होती. जाडजूड बाई, हसली की सगळी हलते. दोन दिवसच येऊ शकत होती. मला बघून म्हणाली, "हाच का तो कडक परीक्षक? माझा मुलगा तुमच्याच वर्गात होता हो. त्याला मात्र तुम्ही पास केलंत. तिथे खरं तर तीन ठोके द्यायला हवे होते."

आर्डिथ हसली नाही.

काम सुरू झालं. आधी डोरीनने मी 'झाला' म्हटलेला प्रत्येक रिव्हेट आतून तपासला. माझे तीन ठोके खोटे निघाले तर दोन ठोकेही खोटे असू शकतात, असं आर्डिथचं म्हणणं होतं. तासाभराने डोरीनने डोकं बाहेर काढलं. "सगळे चांगले आहेत, आर्डी. हा बाबा खोटारडा आहे, पण एकाच दिशेने."

मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर धडधड, मग दोन ठोके. धडधड, दोन ठोके. मी भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली. वर्तमानपत्र उघडलं, त्यातली एकही ओळ डोक्यात शिरेना. वाचनालयात मंगळवारी-गुरुवारी सहा मुलं माझ्याकडे वाचायला येतात, त्यांच्यासाठी कागद कापायला घेतले, ते वाकडे कापले गेले. दोन ठोके. खुर्चीतून उठलो, खिडकीशी गेलो, परत बसलो. दोन ठोके. त्या दोघी इतक्या वेगाने पुढे जात होत्या की कान झाकून घ्यावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयातून आल्यावर मी अंगणात गेलो. आर्डिथने गन खाली केली, एका कानावरची पट्टी सरकवली.

"काय?"

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

तिने दुसऱ्या कानावरचीही पट्टी काढली.

"राहा इथे. मला इथे एकट्याने राहायचं नाही. ट्रेलर विकून टाक, नाहीतर अंगणात ठेव, आपण त्यात बसून कॉफी पिऊ. पण राहा."

ट्रेलरच्या आतून डोरीनचा आवाज आला, "मी ऐकत नाहीये हं! पण पत्रा पातळ आहे!"

"गप गं," आर्डिथ ओरडली. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? जूनमध्ये सांगायचंस."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही." तिने हातमोज्याने नाक पुसलं. "पण सत्तावीस भोकं वाचली असती."

मी मान हलवली. आश्चर्य म्हणजे ते 'नाही' ऐकून मला श्वास नीट घेता आला. महिनाभर त्याच एका शब्दाला चुकवत फिरत होतो.

"तू ये ना बरोबर," ती म्हणाली.

"मंगळवार-गुरुवार..."

"माहितेय, सहा मुलं. चल हो बाजूला, उजेड चाललाय."

डोरीन संध्याकाळी निघाली तेव्हा चाकाच्या वरचा कोपरा तेवढा उरला होता. तिथे आत शिरायची फट एवढी अरुंद की डोरीनचा खांदा जाईना. "मला तेल लावून ढकललंत तरी जाणार नाही," ती म्हणाली, आणि माझ्या काटकुळ्या अंगाकडे बोट दाखवलं. "इथे परीक्षकच लागणार."

बुधवारी सकाळी आर्डिथने ठोकळा माझ्या हातात दिला. मी फटीत शिरलो. कूस पत्र्याला घासत होती, मान वाकडी, तोंडासमोर टॉर्च. एकोणीस रिव्हेट होते. पहिले आठ नीट बसले. दोन ठोके, दोन ठोके. बाहेरून काही प्रश्न नाही.

नवव्याला माझा हात घसरला का तिची गन, कोणास ठाऊक. शेपटी एका बाजूला लोळली आणि कडेला बारीक चीर गेली. वाईट होती. कोणीही सांगितलं असतं.

मी ठोकळा उचलला आणि तसाच थांबलो. तीन ठोके दिले तर तिला काय वाटेल? पुन्हा सुरू झालं याचं, असंच ना? दोन ठोके दिले तर बाहेर टोपी छान दिसतेच आहे. एका रिव्हेटने काय होतं? बाकीचे अठरा धरून ठेवतील. तिचा चेहरा मोकळा होईल, दुपारी आम्ही एकत्र जेवू, आणि ती मला कदाचित माफही करेल. पण चाकाच्या वरचा कोपरा होता तो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आधी तिथेच बसतो.

एक. दोन. तीन.

बाहेर काहीच आवाज आला नाही. कॉम्प्रेसरही बंद झाला. मग पावलं, दार, आणि ती माझ्या मागून फळीवर आडवी होऊन सरपटत आली. माझ्या खांद्यावरून हात घालून टॉर्च घेतला. माझ्या कानाशी तिचा श्वास लागत होता. एकतीस वर्षांत आणि त्यानंतर तिने कधीच असं आत येऊन पाहिलं नव्हतं. ती पाहायला आली याचं मला वाईट वाटलं, पण तिच्या जागी असतो तर मीही आलो असतो.

"चिरलाय," ती म्हणाली.

"हो."

"खूपच चिरलाय. माझा हात..."

"माझा ठोकळा घसरला."

"नक्की?"

"नाही. पण तुझा हात चांगला आहे. चोवीस दाखले आहेत तुझ्या खिशात."

ती उलटी सरपटत बाहेर गेली. पत्र्यावर ड्रिल सुरू झालं. चौदाव्याला मी पुन्हा तीन ठोके दिले. मी पावलांची वाट पाहिली. ड्रिल लगेच सुरू झालं.

ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेला ती गेली. निघताना तिने मला तीन वेळा मिठी मारली आणि दोन वेळा काहीतरी विसरलं म्हणून परत आली, एकदा चष्म्यासाठी, एकदा कशासाठी ते तिलाही आठवेना. मग वळणावर ते चंदेरी मागचं टोक दिसेनासं झालं.

गुरुवारी सकाळी फोन आला.

"टुकुमकारी," ती म्हणाली. मागे धोधो आवाज येत होता. "पाऊस पडतोय, वेंडेल. ऐक." तिने फोन बहुतेक छताला लावला. तडतड, तडतड.

"गळतंय का?" मी ओरडलो.

"चाकावरचा कोपरा कोरडा ठणठणीत. खिडकीतून गळतंय."

"कुठली खिडकी?"

"मी एकटीने बसवलेली," ती म्हणाली आणि एवढी हसली की मलाही हसू आलं. "टॉवेल लावलाय. उद्या उघडून बसवते परत. शेजारच्या ट्रेलरमध्ये एक बाई आहे, आतून धरते म्हणाली."

"आणि मग?"

"मग बघू. आज तरी इथे आहे."

तिने फोन ठेवल्यावर मी खुर्ची ओढली, पण बसवेना. वाचनालय उघडायला अजून तास होता. तरी मी कोट चढवला, कागद पिशवीत घातले आणि निघालो.